चार बोटं हवा

आमच्या घरी पाण्याच्या पिंपावरची तोटी पिंपाच्या काठापासून चार बोटं वर आहे. धार वरून पडते, आवाज होतो, थोडे शिंतोडे उडतात. येणारे-जाणारे सुचवतात, "मास्तर, एक रबरी नळी लावून टाका की, आत सोडा." मी नळी लावत नाही. एकदा लावली होती. त्या नळीमुळे सुखदेव फिटर मला खऱ्या अर्थाने कळले, आणि त्यांच्याविषयी लिहायचे तर त्या नळीबद्दलही लिहावेच लागेल.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्याची, म्हणजे त्र्याहत्तर सालची. वाशीममध्ये मुलींचे एक वसतिगृह होते. माझी पत्नी निर्मला तिथे गृहप्रमुख होती, मी शेजारच्या शाळेत गणित शिकवीत होतो, आणि आम्ही वसतिगृहाच्याच आवारात दोन खोल्यांत राहत होतो. शेचाळीस मुली आणि आम्ही चार मोठी माणसे, एकूण पन्नास. आवारातला आड तळाला लागला होता. नगरपरिषदेचा नळ आमच्या आळीला सोमवारी आणि गुरुवारी येई, तोही त्याच्या मर्जीने.

मी वहीत हिशेब मांडला होता. पंधरा लिटरची एक बादली धरायची. पिणे आणि स्वयंपाक वीस बादल्या, आंघोळी पन्नास, कपडे आणि भांडी पंचवीस, संडास पन्नास. एकूण एकशे पंचेचाळीस. आड आणि नळ मिळून रोज सरासरी शंभर. तूट पंचेचाळीस. ही तूट मी तीन प्रकारे मांडून पाहिली, तिन्ही वेळा पंचेचाळीसच आली.

मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा होती. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब कापसाचे व्यापारी, मनाने वाईट नव्हते. त्यांनी स्पष्ट सांगितले, "पंधरा दिवसांत पाण्याची सोय झाली तर ठीक. नाही तर वसतिगृह बंद, मुली घरी." घरी गेलेली मुलगी परीक्षेपुरती परत येईल, असे म्हणायला सोपे होते. मॅट्रिकच्या नऊ मुली होत्या. त्यांतल्या रिठदच्या शेवंताने निर्मलाला सांगूनच ठेवले होते, "बाई, मी घरी गेली तं वापस येत नाई. बाबानं पोरगा पाहून ठेवला हाय."

त्याच आठवड्यात गळकी तोटी दुरुस्त करायला सुखदेव फिटर आले.

उंच, हाडकुळे, साठीच्या आसपासचे. खाकी सदरा, कानावर सुतारी पेन्सिल, खांद्याला कातडी पिशवी. पिशवीत पान्हे, सुतळी, सांधे बुजवायचा सफेदा आणि एक छोटा पितळी पेला. त्या पेल्याने ते दोन कामे करीत. एक, पाइपावर त्याचे बूड ठोकून कान लावीत आणि आत पाणी कुठवर आहे ते सांगत. दोन, पाणी पीत. रस्त्यावरचा नळ असो की आमचा माठ, ते कधी ओंजळीने पाणी प्यायले नाहीत. मला वाटे, माणूस सोवळ्याओवळ्याचा आहे. मग कळले की घराणे छप्पन साली बौद्ध झालेले, तेव्हा ती शंका मिटली. पेल्याचे कोडे मात्र तसेच राहिले. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत काढली होती. आमच्या छोट्या लाइनीवरच्या स्टेशनांत वाफेच्या इंजिनांना पाणी भरायचे नळ सांभाळायचे, हे काम. "बत्तीस वर्षं इंजिनं पाणी पाजून पाजून पाळले," असे ते म्हणत.

तोटी बसवताना मी भाऊसाहेबांना हिशेब वाचून दाखवीत होतो. सुखदेव फिटरांनी पान्हा थांबवला.

"मास्तर, बेरीज बरोबर हाय. पण पाणी तुमी एकदाच मोजून राह्यले."

"पाणी दोनदा कसं मोजणार?"

"पोट्टी आंघोळ करते, थे पाणी कुठं जाते?"

"गटारात."

"अन् संडासात काहून नाई? संडासाले का गंगाजल पाह्यजे?"

मी वहीकडे पाहिले. आंघोळी पन्नास, संडास पन्नास. दोन आकडे एकाखाली एक, माझ्याच अक्षरात, महिनाभर तिथे होते.

भाऊसाहेबांना हे पटले नाही. वापरलेले पाणी पुन्हा वापरायचे म्हणजे आजाराला निमंत्रण, असे त्यांचे मत. त्यांच्याकडे दुसरा उपाय होता. "त्यापेक्षा मागचे जुने टोपलीचे संडास उघडू. सेप्टिकवाले बंद ठेवू. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

सुखदेव फिटर उभे राहिले. आवाज चढला नाही. "थे टोपलं रोज तुमी उचलता का, भाऊसाहेब? चार मयन्याचाच तं सवाल हाय."

 मग भाऊसाहेब म्हणाले, "पंधरा दिवस. आणि एकही मुलगी आजारी पडली तर मी कुलूप लावीन."

दुसऱ्या दिवसापासून सुखदेव फिटर इमारतभर फिरू लागले. काम करण्याआधी दोन दिवस त्यांनी फक्त पाणी ओतले. तांब्याभर इथे, तांब्याभर तिथे, आणि ते कुठे जाते ते उकिडवे बसून पाहायचे. मुली हसत. शेवंताने विचारले, "काका, हरवलं काय?"

"उतार हरवला बाई. पाहून राह्यलो."

त्यांचे एक म्हणणे होते. "पाणी आळशी असते. आळशाकडून काम करून घ्याचं असन तं त्याले उतारावर उभं कराव." आमचे न्हाणीघर तळमजल्यावर होते. ते त्यांनी वरच्या मजल्यावर, ट्रंका ठेवायच्या खोलीत हलवले. कपडे धुणेही वरच. मी विचारले, वर पाणी चढवायला पंप कुठून आणायचा? ते म्हणाले, "पाण्याले नका चढवू. पोट्ट्या एक-एक बादली वर नेतीन. उतरताना थे आपलं आपण येईन."

तसेच झाले. वरचे पाणी पाइपाने मागच्या अंगणातल्या संडासांच्या छतावर उतरे. तिथे विटांची एक गाळणी: आधी गोटे, मग वाळू, मग कोळसा. गाळणीतून पाणी शेजारच्या सिमेंटच्या टाकीत आणि टाकीतून खाली संडासांना. भांड्यांचे पाणी मात्र त्यांनी घेतले नाही. "खरकट्यात तेल असते. तेल गाळणीचा गळा दाबते." ते पाणी गटारातच गेले.

गाळणीच्या तोंडाशी गव्हाची चाळणी बसवली होती, केस अडकायला. शेचाळीस मुलींचे केस म्हणजे काय, हे पहिल्या रविवारी कळले. शिकेकाईचा चोथा आणि केस यांचे एक पक्ष्याचे घरटे त्यांनी काठीने उचलून अंगणात धरले. "हे कोणाचं हाय? आपापलं ओळखा अन् घेऊन जा!" त्या दिवसापासून चाळणी साफ करण्याच्या पाळ्या लागल्या. पुढच्या रविवारी थंडीमुळे मुलींनी डोकी धुतली नाहीत, तेव्हा टाकी अर्धीच भरली, आणि ते पुन्हा ओरडले. शेवंता म्हणाली, "काका, डोकं धुतलं तरी बोलता, नाई धुतलं तरी बोलता. आमी टक्कल करून घ्याव का?"

"टक्कल केलं तं पाणी कमी लागीन," ते विचारात पडल्यासारखे म्हणाले, "मास्तरले विचार, किती बादल्या वाचतीन."

रोज पाचच्या सुमारास ते स्वतः येत, छतावर चढत, काठीने टाकी मोजत आणि उरलेले पाणी लिंबाच्या झाडाला सोडून देत. मला हे खटके. उरले तर उद्याला होईल. ते म्हणत, "वापरलेलं पाणी पाहुण्यासारखं असते. एक मुक्काम बरा. दुसऱ्या दिवशी वास मारते."

आंघोळीचे पाणी कमी पडेल त्या दिवसासाठी टाकीवर नगरपरिषदेच्या नळाचीही एक तोटी आणली होती. स्वयंपाकघरात गेलेल्या पाइपाचाच हा फाटा. ही तोटी त्यांनी टाकीच्या काठापासून चार बोटं वर ठेवली, आणि फूटपट्टी न वापरता बोटांनीच मोजली. मी विचारले, बोटं कोणाची धरायची? त्यांची चार बोटे सव्वातीन इंच भरत होती, माझी पावणेतीन.

"ज्याची जाड असतीन त्याची."

"पण हे अंतर ठेवायचं कशाला? पाणी उडून वाया जातं."

त्यांनी त्या दिवशी एवढेच सांगितले, "इंजिनाले पाणी पाजताना नळाचं तोंड टाकीत बुडवाचं नाई. चार बोटं हवा पाह्यजे." मी गणिताचा माणूस. कारण न देता दिलेला नियम माझ्या मनात रुजत नाही.

फेब्रुवारीअखेर सगळे सुरळीत चालू लागले. रोजची गरज एकशे पंचेचाळीसवरून पंच्याण्णवावर आली. शंभर मिळत होत्या, पाच उरत होत्या. भाऊसाहेब येऊन छतावर चढले, टाकीत नाक घालून आले आणि कुलपाचे नाव न काढता निघून गेले. त्यांच्या बाबतीत ही शाबासकीच होती. मुली राहिल्या.

आता माझा भाग. त्या चार बोटांतून किती पाणी उडते हे मी मोजायचे ठरवले. छतावर टाकीभोवती पराती मांडल्या. नळाच्या एका पाळीला दीड बादली. आठवड्याला तीन. एकीकडे मी मुलींना अर्ध्या तांब्यासाठी बोलत होतो आणि दुसरीकडे आठवड्याला पंचेचाळीस लिटर छतावर सांडत होते. परीक्षेच्या आधीच्या सोमवारी सकाळी मी तोटीला दोन फूट रबरी नळी लावली आणि तिचे तोंड टाकीत खाली सोडले. नळ आला. एक थेंब उडाला नाही. आवाजही नाही. वहीत मी लिहिले: बचत, दीड बादली. सुखदेव फिटरांना सांगितले नाही. ते दोन दिवस गावाला गेले होते, आणि खरे सांगायचे तर सांगायचे मनातही नव्हते.

त्या काळी नळाची वेळ कोणालाच ठाऊक नसे, म्हणून अख्खे गाव नळ उघडा टाकून त्याखाली रिकामे भांडे ठेवीत असे. पाणी आले की भांडे वाजते, माणूस धावतो. आम्हीही तेच करीत असू. गुरुवारी परीक्षेचा पहिला पेपर होता आणि पाण्याचा वारही तोच. पाणी चुकायला नको म्हणून मी बुधवारी दुपारीच छतावरची तोटी उघडून ठेवली, आणि खाली येऊन स्वयंपाकघरातली उघडली.

उघडताच पाणी आले.

शेवंता ओरडली, "बाई, नळ आला! आजच आला!" मुली भांडी घेऊन धावल्या. बारीक पण सलग धार होती. आदल्या पाण्याचा रांजण संपत आलाच होता. निर्मलाने तो विसळून नवे पाणी फडक्यातून गाळून भरले, त्यात तुरटी फिरवली. मी बादल्या मोजत होतो. अकरा झाल्यावर धार थांबली. मी अकरा हा आकडा वहीत लिहिला आणि शेजारी 'अनपेक्षित' असा शेरा मारला. इतका आनंद मला त्या उन्हाळ्यात झाला नव्हता.

पाचला सुखदेव फिटर आले. शेवंताने फाटकातच बातमी दिली. ते थांबले.

"आज काय वार?"

"बुधवार."

"आजूबाजूले आला काय नळ?"

शेजारच्या ओट्यावर रिकामी भांडी तशीच होती. शेवंताचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "काका, पाण्याले शिकेकाईचा वास येऊन राह्यला. मले वाटलं, भांड्याचा असन."

ते छताकडे धावले. साठीचा माणूस शिडीचे दोन-दोन पावठे एकदम चढताना मी पाहिला. मी मागोमाग चढलो. त्यांनी नळीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"किती बादल्या भरल्या खाली?"

"अकरा."

त्यांनी काठी टाकीत उभी केली. सकाळची ओलीची खूण आणि आताची पातळी यांतले अंतर मोजले. हिशेब मीच केला, तोंडाने मोठ्याने, कारण मला तो थांबवता येईना. संडासाच्या वजा जाता अकरा बादल्या.

नळाला पाणी आलेच नव्हते. पाइप सोमवारच्या पाण्याने भरलेला होता; त्याचे वरचे तोंड मी टाकीत बुडवले होते आणि खालचे उघडले होते. टाकीतले आंघोळीचे पाणी माझ्या नळीने वर खेचले जाऊन उलटे स्वयंपाकघरात उतरले होते. शेचाळीस मुलींच्या रांजणात. परीक्षेच्या आदल्या दिवशी.

"कोण पेलं?" त्यांनी विचारले.  मी शिडी उतरून स्वयंपाकघराकडे धावलो. निर्मला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी विचारले तसे ती म्हणाली, "कोणीच नाही. तुरटीचं पाणी निवळायला ठेवलंय, जेवणाआधी कोणाला देत नाही. नियम आहे माझा."

मी तिथेच ओट्यावर बसलो. सुखदेव फिटरही बसले. शेवंताने सगळ्या मुलींना रांगेत उभे करून प्रत्येकीला विचारले आणि सांगितले, "कोणी नाई पेलं, काका. एकीनं तोंड धुतलं, बस." मग सुखदेव फिटर हसू लागले. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. मुलीही हसल्या. मला हसता आले नाही, पण श्वास घेता आला.

पाणी त्यांनी फेकू दिले नाही. "फेकता कायले? ज्याचं होतं त्याले द्या." अकरा बादल्या संडासाकडे गेल्या. गावाच्या पाइपाकडे त्यांनी सुरुवातीलाच फाटकापाशी एक कातडी झडप बसवली होती, पाणी आत येईल पण बाहेर जाणार नाही अशी. म्हणून आमची घाण गावात गेली नव्हती. त्यांनी पाइपात ब्लीचिंग पावडर सोडली, रांजण घासून घेतला, उद्याच्या नळाच्या पहिल्या दहा बादल्या पिण्यात घ्यायच्या नाहीत असे बजावले. त्या रात्रीचे पिण्याचे पाणी मुलींनी शेजारच्यांच्या विहिरीतून कळशी-कळशी आणले.

सगळे झाल्यावर ते नळी हातात घेऊन माझ्याजवळ बसले. मी म्हणालो, मला वाटलं ती जागा रिकामी आहे.

"रिकामी नव्हती. हवा होती. तुमी पाणी वाचवाले गेले, मास्तर. वापरलेल्या पाण्यानं मागं फिरून चांगल्याले शिवू नाई, म्हून थे चार बोटं."

मग, पेल्याचे बूड अंगठ्याने पुसत, ते म्हणाले, "मी लहान होतो तवा आमाले गावच्या विहिरीवर चढू देत नसत. खाली ओंजळ धराची. वरून कोणी वतलं तं प्याचं. त्याची कळशी अन् माही ओंजळ, मधात हवा. लय राग ये मले त्या हवेचा. पुढं रेल्वेत गेलो, तिथं सायबानं सांगतलं, नळ अन् टाकी यात अंतर पाह्यजे. म्या म्हटलं, अंतराची जागा हे हाय तं! आमच्या गावानं चुकीच्या जागी ठेवलं होतं. थे नळात ठेवाव, मास्तर. माणसात नाई."

निर्मला चहा घेऊन आली होती. तिने कप खाली न ठेवता त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि पेला पिशवीत टाकला.

गुरुवारी पेपर सुरू असताना मी भाऊसाहेबांकडे जाऊन सगळे सांगितले. लपवून ठेवले असते तर माझ्या वहीतल्या 'अकरा'ने मला झोपू दिले नसते. ते छतावर आले. सुखदेव फिटर तिथेच होते. भाऊसाहेबांनी तोटी आणि टाकी यांतल्या जागेकडे बराच वेळ पाहिले.

"आता किती अंतर आहे?"

"चार बोटं," मी म्हणालो.

"पाच ठेवा."

"पाच कायले?" सुखदेव फिटर म्हणाले. "तुमचं एक बोट तुमच्यापाशीच राहू द्या, भाऊसाहेब. कोणाले दाखवाले कामी येईन."

भाऊसाहेब हसले. कुलूप लागले नाही. नऊच्या नऊ मुलींनी परीक्षा दिली, सात पास झाल्या. शेवंता सातांत होती. बाबांनी पाहून ठेवलेला पोरगा थांबला नाही, त्याचे दुसरीकडे जमले. ती नर्सिंगला गेली. पुढच्या वर्षी आड भरला, तरी संडासाला पिण्याचे पाणी आम्ही पुन्हा वापरले नाही. टोपलीच्या संडासांची मागची भिंत सुखदेव फिटरांनी त्याच वर्षी स्वतः पाडली. त्या विटा त्यांनी गाळणीच्या दुरुस्तीला वापरल्या.

पुढे ते मुलीकडे राहायला गेले आणि गाठीभेटी थांबल्या.

शेवटचे पाहिले ते पाच-सहा वर्षांनी. मी एसटीने कारंज्याकडे चाललो होतो. शेलूबाजारला गाडी थांबली. समोर चहाचे हॉटेल, बाहेर पाण्याचा पत्र्याचा ड्रम, आणि नळाची रबरी नळी थेट ड्रमाच्या तळाशी. एक वाकलेला म्हातारा ड्रमापाशी उभा होता. खाकी सदऱ्यावरून मी ओळखले. त्यांनी नळी वर ओढली आणि तिचे तोंड सुतळीने खुंटीला बांधू लागले.

हॉटेलवाला गल्ल्यावरून ओरडला, "ओ बाबा, काहून काढून राह्यले नळी?"

त्यांचे लक्ष गाठीकडे होते. मागे न पाहता त्यांनी हात वर करून चार बोटे दाखवली.

हॉटेलवाल्याने चार चहा लावले. पोऱ्याला न पाठवता तो स्वतःच घेऊन आला, बहुधा भांडायला. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात कंडक्टरने घंटी दिली. सुखदेव फिटरांनी चहांकडे पाहिले, हॉटेलवाल्याकडे पाहिले आणि बाकावर बसले. पहिला कप त्यांनी त्याच्या हातातून घेऊन परत त्याच्याच हातात दिला. दुसरा आपण घेतला. उरलेले दोन बाकावरच्या दोघा अनोळखी माणसांना.

गाडी हलली. ड्रमात धार वरून पडत होती, शिंतोडे उडवीत. तिचा आवाज मला खिडकीपर्यंत ऐकू येत होता.